बागेभोवती, उलट दिशेनं

आमच्या सेक्टरच्या बागेत देव माझ्यानंतर राहायला आला. आम्ही नेरूळला आलो तेव्हा तिथे दोन झोपाळे, एक घसरगुंडी आणि जगतील असं अजिबात न वाटणारी गुलमोहराची काटकुळी रोपं होती. मग एका गुलमोहराखाली कुणीतरी गणपतीचं चित्र असलेली टाइल लावली. टाइलपुढे उदबत्ती आली, उदबत्तीला वारा लागू नये म्हणून विटा आल्या, विटांवर पत्रा आला, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत संगमरवरी मूर्ती, दानपेटी आणि एक कमिटी आली. कुठल्याही नकाशात नसलेलं हे देऊळ बरोबर बागेच्या मध्यभागी होतं.

बागेभोवती गोल रस्ता होता. रोज सकाळी अर्धा सेक्टर त्या रस्त्यावर चालायला यायचा आणि सगळेच्या सगळे एकाच दिशेनं चालायचे, बाग उजव्या हाताला ठेवून. व्यायामाचा व्यायाम, प्रदक्षिणेची प्रदक्षिणा. देवळासमोर आले की चाल न मोडता छातीला हात लावायचे आणि शेअरचे भाव जिथे सोडले तिथून पुढे चालू.

मी तिथेच पळायचे. कॉलेजच्या मुलींच्या क्रॉस कंट्री टीममध्ये चार जणी लागत. तिघी ठरलेल्या होत्या, चौथी जागा रिकामी होती आणि ती मला हवी होती. मला काही हवं आहे हे मी सहसा कुणाला सांगत नसे, पण हे मी स्पोर्ट्सच्या सरांना जाऊन सांगितलं. सर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला स्कूटरनं जायचे. ते म्हणाले, "आठवड्याला चाळीस किलोमीटर होतात का तुझे? नाही ना? मग आधी चाळीस कर. मग जानेवारीत ट्रायलला ये."

मी तेव्हा आठवड्याला पंधरा करत होते. चाळीसपर्यंत कसं जायचं, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांना माहीत असेल असं मला वाटतही नाही.

नेरूळमध्ये रस्त्यांना तोटा नव्हता. माणसांच्या आधी रस्ते आले होते. सीवूड्सच्या बाजूला तर विमान उतरेल एवढे रुंद रस्ते होते आणि त्यांवर फक्त कुत्री झोपलेली असायची. पण आईची अट होती की गॅलरीतून मी तिला दिसले पाहिजे. गॅलरीतून फक्त बाग दिसायची. बाबांच्या स्कूटरच्या मीटरवर बागेची एक फेरी अर्ध्या किलोमीटरची भरली. म्हणजे चाळीस किलोमीटरसाठी आठवड्याला ऐंशी प्रदक्षिणा. एवढ्या तर कमिटीतल्या कुणी महिनाभरातही घातल्या नसतील.

दिवाळीनंतर मी दर आठवड्याला थोड्या थोड्या फेऱ्या वाढवत गेले. पंचवीस किलोमीटरच्या आसपास पोचले आणि उजवा गुडघा दुखायला लागला. आतून नाही, बाहेरच्या अंगानं. कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधावी आणि ती हाडावरून घासत पुढेमागे व्हावी, तसं. आधी पळताना दुखायचं, मग जिना उतरताना, मग नुसतं बसून उठतानाही.

वाशीच्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. ते बाबांशी बोलले.

"लग्नाचं बघताय का?"

"छे, अजून शिकतेय."

"मग आत्ताच बंद करा हे पळणं. उद्या पायात काही दोष राहिला, तर विचारतात लोक."

माझ्याकडे पाहून त्यांनी क्रेप बँडेज लिहून दिलं आणि फी घेतली. मी एक आठवडा बसून राहिले. नंतर पुन्हा सुरू केलं, तर दुखणं जिथे सोडलं होतं तिथेच माझी वाट बघत होतं.

उत्तर सापडलं ते रविवारी, बूट धुताना. मी बूट उपडे करून गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या बाजूनं कापडापर्यंत झिजला होता. डावा जवळजवळ नवा. खाली वॉचमन कुणाची तरी गाडी धूत होता आणि फेसाचं पाणी सगळं बागेच्या बाजूच्या गटाराकडे धावत होतं. म्हणजे रस्त्याला बागेकडे उतार होता. इमारतींच्या बाजूला स्कूटरी लावलेल्या असत, म्हणून मी कायम बागेच्या कडेनं पळायचे. प्रत्येक पावलाला उजवा पाय खाली, आणि प्रत्येक वळण उजवीकडेच. हे कळायला डॉक्टर लागत नाही, नुसतं खाली बघावं लागतं.

उपाय सरळ होता. उलट दिशेनं पळायचं. तरी मी तो चार दिवस पुढे ढकलला, आणि त्याचं कारण देव नव्हता. सगळ्यांबरोबर एकाच दिशेनं पळताना मला फक्त लोकांच्या पाठी दिसायच्या. पाठ हा माणसाचा त्यातल्या त्यात सुसह्य भाग आहे. उलट पळायचं म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक तोंड समोर येणार. पहिल्यांदा "गुड मॉर्निंग" म्हणता येतं. दुसऱ्यांदा हसता येतं. तिसऱ्यांदा काय करायचं, हे मला कुठल्याच शाळेनं शिकवलं नव्हतं.

मी खाली बघत पळायला लागले. गुडघा पहिल्या दिवसापासून बरा वागला. तोंडं नाही.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात आडवा केला. ते देवळाच्या कमिटीचेही प्रमुख होते आणि थंडी असो नसो, माकडटोपी घालायचे. त्यांच्याबरोबर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या आणि बंदरातून रिटायर झालेले, श्रीवर्धनकडचे चाचा होते.

"ए बाळा, थांब थांब. उलटी जातेयस तू."

"हो, काका."

"हो काय? मध्ये देव आहे ना! देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. प्रदक्षिणा म्हणजे काय माहितीये ना? का इंग्लिश मीडियम?"

"त्यांना कुठलं शिकवायला!" काकू म्हणाल्या. "पोरी 'थँक्यू गॉड' म्हणतात नि जेवतात."

चाचांना हसू आवरेना. "शेक्रेटरी, आमचा तर तो देव पण नाय. तरी आमी सरळच जातो, बगा."

"बघ! शीक काहीतरी ह्यांच्याकडून!"

"काका, मी प्रदक्षिणा घालत नाही," मी म्हणाले. "पळते फक्त. त्या बाजूनं पळलं की गुडघा दुखतो."

"मग दुखणारच! उलटं फिरल्यावर काय होणार दुसरं?"

गुडघा आधी दुखला आणि उलटं फिरणं नंतर सुरू झालं, हे मी त्यांना सांगितलं नाही. कशाच्या आधी काय, याचा हिशेब त्या घोळक्यात कुणी ठेवत नसे. पुढच्या पंधरवड्यात आमच्या इमारतीच्या पाण्याची मोटार जळली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि वरच्या काकूंची नणंद डोंबिवलीत स्वतःच्या बाथरूममध्ये घसरून पडली. तिन्हींचं मूळ माझ्या फेऱ्यांत निघालं. डोंबिवलीपर्यंत पोचण्याइतकं बळ माझ्या पायात आहे, हे निदान सरांना तरी कळवायला हवं होतं.

मग सेक्रेटरी घरी आले. आईनं चहा केला. बाबा बँकेत दिवसभर लोकांना कर्ज नाकारायचे, पण सोफ्यावर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. "बोलतो मी तिच्याशी," असं ते तीनदा म्हणाले. दार लागल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू असं का नाही करत? एक फेरी सरळ, एक उलट. म्हणजे त्यांचंही राहील."

मी भांडणार होते. पण त्याच आठवड्यात डावा गुडघाही कुरकुरायला लागला होता. आता उताराला तो होता. बाबांनी केवळ भीतीपोटी सुचवलं आणि ते नेमकं बरोबर निघालं. भित्र्या माणसांचं कधीकधी असं होतं. मी एक सरळ, एक उलट असं सुरू केलं. दोन्ही गुडघे अधूनमधून बोलायचे, पण ओरडायचे नाहीत. दुखलं की त्या आठवड्यात फेऱ्या वाढवायच्या नाहीत, जिना सावकाश उतरायचा, रात्री बर्फ कापडात गुंडाळून लावायचा, एवढं मी माझं मी ठरवलं. आकडा तिसाच्या पुढे सरकला.

कमिटीची मात्र पंचाईत झाली. उलट फेरीबद्दल त्यांना मत होतं. एकाआड एक फेरीबद्दल नव्हतं. शेवटी वरच्या काकूंनीच तोडगा काढला. मी बाजूनं जाताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे एक घालते नि एक उसवते!"

विणकामाच्या या शास्त्रावर आठवडाभर चर्चा चालली. मी घातलेलं पुण्य मीच उसवत असेन तर प्रश्न नाही, पण उसवताना चुकून इतरांचं निघत असेल तर? संकष्टीला गुरुजी मोपेडवरून आरतीला आले, तेव्हा सेक्रेटरींनी त्यांना देवळाच्या फाटकातच गाठलं. मी पळत होते, त्यामुळे तो निवाडा मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आला. एका फेरीला सेक्रेटरी हातवारे करून दिशा दाखवत होते. पुढच्या फेरीला गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना पुढे बेलापूरला एक वास्तुशांत होती.

"पायात काय असतं तिच्या?" त्यांनी विचारलं.

"बूट."

"मग प्रश्नच मिटला. पायताण घालून केलेली ती प्रदक्षिणाच नव्हे. ते नुसतं फिरणं."

मी मुद्दाम हळू पळले. फाटकाभोवती आठदहा जण उभे होते आणि सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. काकूंच्या पायात नऊवारीखाली पांढरे केड्स. सेक्रेटरींच्या पायात मुलानं अमेरिकेहून पाठवलेले बूट, ज्यांच्याबद्दल सेक्टरमधल्या प्रत्येकाला निदान एकदा सांगून झालं होतं. इतक्या वर्षांची सकाळ एका वाक्यात खात्यातून वजा झाली. फक्त चाचा खुश होते. "आमचा काय लॉस नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काही जण अनवाणी आले. डांबरावर खडी होती, गुलमोहराच्या फांद्यांच्या काटक्या होत्या, कुत्र्यांनी ठेवलेलं बरंच काही होतं. पाय जपत, काखेत बूट धरून ती वरात बागेला वळसा घालत होती आणि मी दर उलट फेरीत तिच्यासमोरून जात होते. त्या दिवसांत मी पहिल्यांदा मान वर करून पळले. आठवड्याच्या आत सगळे पुन्हा बुटात आले. पुण्याचा विषय बंद झाला. मला कुणी काही म्हटलं नाही, तसं आमचं चुकलं असंही म्हटलं नाही. नणंदेचा पाय बरा झाला, त्याचं श्रेय मात्र मला कुणी दिलं नाही.

जानेवारीत चाळीस झाले. सरांनी विचारलं, "झाले चाळीस?" मी म्हटलं, "झाले." त्यांनी मान हलवली. चौथ्या जागेसाठी आम्ही दोघी होतो. दुसरी माझ्याहून चांगली पळायची, हे मला पहिल्याच चढावर कळलं. कॉलेजमागच्या रस्त्यानं तीन वळसे होते. दुसऱ्या वळशाच्या शेवटी माझ्या गुडघ्यातली दोरी ताणली गेली. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या कडेला गेले, उतार बदलला, पावलं लहान केली आणि ती निघून जाताना बघत राहिले. तिसऱ्या वळशात ती नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलेली दिसली, बरगडीवर हात दाबून. ती वेगानं सुटली होती आणि दम संपला होता. मी जिंकले वगैरे नाही. ती बसली आणि मी बसले नाही.

"चला, चौथी मिळाली," सर स्कूटरला किक मारत म्हणाले.

बाबांनी ही बातमी जिन्यात, दूध केंद्रावर आणि बहुधा लिफ्टमध्येही सांगितली. माघी गणपतीला देवळापुढे मांडव पडला आणि कार्यक्रमात माझा सत्कार ठरला. आईनं सलवार-कमीज इस्त्री करून पलंगावर ठेवली. मी बुटाच्या नाड्या बांधत होते.

"अगं, सत्कार आहे तुझा!"

"माझ्या सहा फेऱ्या राहिल्यात."

"कमिटी काय म्हणेल?"

"म्हणू दे."

"तुझे बाबा तिथे एकटे बसलेत," आई म्हणाली. पण दार तिनंच उघडलं.

स्पर्धेला थोडे दिवस उरले होते आणि त्या आठवड्याचा आकडा मला सोडायचा नव्हता. सगळा सेक्टर मांडवात होता. रस्ता पहिल्यांदाच पूर्ण रिकामा मिळाला. ना पाठी, ना तोंडं. लाउडस्पीकरवर सेक्रेटरींचा आवाज माझ्याबरोबर बागेभोवती फिरत होता. बाप्पाच्या अंगणात घाम गाळून, कमिटीच्या मार्गदर्शनाखाली, आपल्या सेक्टरच्या कन्येनं कॉलेजच्या टीममध्ये मजल मारली होती. मग माझं नाव पुकारलं. थांबून पुन्हा पुकारलं. मांडवात कुजबुज झाली असावी, कारण ते म्हणाले, "लाजाळू आहे मुलगी, फार लाजाळू. आपण तिच्या वडिलांना विनंती करू या."

टाळ्या वाजल्या. बाबा उठून शाल आणि नारळ घ्यायला गेले असतील, दोन्ही हात पुढे करून, थोडे वाकून. मी तेव्हा दूध केंद्रापाशी होते. ती उलट फेरी होती, आणि गुडघा अजून गप्प होता.