गल्लीतले ताणे

ज्या लेखामुळे लोक मला अर्थशास्त्राचा जाणकार म्हणू लागले, तो मी का लिहिला, हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हांला सांगतो — सांगताना जीभ अडखळते, तरी सांगतो.

सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील. सकाळी सगळं घर रस्त्यावर. सुताचे लांबच लांब ताणे बांधायचे, कुंच्यानं खळ लावायची, वाळवायचे — मगच ते सूत मागावर चढतं. घरात तेवढी जागा असते कुठे?

मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि स्वदेशीची पत्रकं वाचून वाचून पेटलेला होतो. त्या सकाळी एका सभेत भाषण करायला निघालो होतो. विषय — हातमाग जगलाच पाहिजे! उशीर झाला म्हणून गल्लीतून वाट काढली, एका ताण्याखालून वाकलो, पागोटं अडकलं, तोल गेला. धागे तुटले आणि खळीचं भांडं माझ्या धोतरावर उपडं झालं.

सूत नरसम्माचं होतं. तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या. ती हसली. "अवो मास्तर, भांडंच कशाला वतून घेतलं? सांगितलं असतं तर म्या कुंच्यानं लावली असती की! आता जरा उनात हुबं ऱ्हावा, कडक व्हताल!" सगळी गल्ली हसली. शेंबडी पोरंसुद्धा.

भाषण मी केलं नाही. घरी आलो आणि लिहायला बसलो.

काय लिहिलं? सार्वजनिक रस्त्याचा खासगी धंद्यासाठी वापर, रहदारीचा खोळंबा, आरोग्य, नागरी शिस्त — म्हणून ताणे गावाबाहेर न्यावेत. एकही वाक्य तर्काला सोडून नव्हतं. सुडाला इतकी शुद्ध भाषा येते, हे तोवर मला माहीत नव्हतं.

लेख गाजला. रस्त्यांचा विचार करायला एक समिती बसली, तिनं मला जाणकार म्हणून बोलावलं. दाराशी काही विणकर बसले होते, त्यांत नरसम्मा. अध्यक्षांनी मला विचारलं, या लोकांशी तुम्ही बोललात का? एवढंच. हो म्हणालो. ताणे गावाबाहेर न्यायला त्यांची ना नाही, असंही म्हणालो.

"कवा इचारलं वो मास्तर? आमी तर हितंच हाय की!" नरसम्मा दारातून म्हणाली.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — इतका वेळ याच्याभोवतीच घुटमळतो आहे — मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, की बाईला मराठी नीट येत नाही, तुमचा प्रश्न तिला कळलेला नाही. इंग्रजीत! सरकारनं लोकांच्या भाषेत बोलावं म्हणून पत्रकं वाटणारा मी. आणि तिला मराठी येत नाही? भर गल्लीत माझी फजिती तिनं कोणत्या भाषेत केली होती?

"काय म्हनलं वो ह्ये?" ती विचारत राहिली.

हुकूम निघाला — ताणे गावाबाहेरच्या माळावर. तिथे ना आडोसा, ना पाणी; आणि घरची तान्ही पोरं कुणाच्या भरवशावर ठेवायची? नरसम्माच्या घरचे माग विकले गेले. ती आणि तिच्या सुना गिरणीत लागल्या. मला वर्तमानपत्रात सदर मिळालं, व्याख्यानं मिळाली. सरकारच्या धोरणांवर माझं मत विचारलं जाऊ लागलं.

गेल्या महिन्यात माझी नवी पुस्तिका निघाली — गिरणीतल्या बायकांचे हाल. फार तळमळीनं लिहिली आहे, म्हणतात. तिच्यात घरचे माग मोडून गिरणीत आलेली एक बाई आहे. नाव बदललं आहे. तिची हकीकत वाचून लोकांचे डोळे भरून येतात.

तिचे माग परदेशी कापडानं मोडले, असं मी लिहिलं आहे.