सिमेंटात रोवलेला पूल

पुलासाठी लाकूड आणायला माझ्याबरोबर नवराच आला होता. दिल्लीत, मुनिरक्यातल्या एका दुकानात जुन्या खिडक्यांच्या सागवानी चौकटी पडल्या होत्या. त्याने एक उचलून पाहिली आणि म्हणाला, "हेच घे. पावसात टिकेल." तिथेच त्यांच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि स्कूटरवरून घरी आणल्या.

तेव्हा आम्ही आर. के. पुरममध्ये तळमजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, मी घरी. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घर गप्प झालं. त्याच सुमारास दिल्ली सोडून जाणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाने मला त्यांची छोटी आगगाडी दिली. बॅटरीवर चालणारी, अंगणात रूळ टाकून फिरवायची. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाभोवती मी रूळ मांडत गेले आणि सांडपाण्याच्या नालीपाशी अडले. पुढे जायचं तर पूल हवा होता.

सुतारकाम मला येत नव्हतं. पहिला पूल इंजिनाच्या वजनाने मधोमध वाकला. दुसऱ्यांदा खांब जवळजवळ घेतले, त्यांचे पाय खाली फाकवले, मधे तिरक्या पट्ट्या ठोकल्या. ऑफिसातून आला की नवरा चहा घेऊन पायरीवर बसायचा आणि पट्ट्यांना पॉलिश पेपर मारून द्यायचा. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून असं काही केलं नव्हतं. खांब नुसते मातीत पुरू का, असं मी त्यालाच विचारलं.

"सिमेंटात बसव," तो म्हणाला. "एकदाच पक्कं काम होऊन जाईल."

सिमेंट कालवताना पाणीही त्यानेच ओतलं.

एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालता घालता खाली डोकावल्या. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात होते.

"भाभीजी, इतनी मेहनत! गुड़गांव वाले फ्लैट में ये कहाँ लगाओगी?"

"कौन सा फ्लैट?"

त्यांच्या हातातली चादर हातातच राहिली. मग चाचरत त्यांनी सांगितलं. माझा नवरा मुदतीआधी निवृत्ती घेत होता. गुरुग्रामच्या एका कंपनीत त्याचं ठरलं होतं, फ्लॅटही पाहून झाला होता. होळीपासून ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही लाकूड आणलं ते होळीनंतर.

संध्याकाळी तो बूट काढत असतानाच मी विचारलं, "कधी सांगणार होतास?"

त्याने दुसरा बूट काढला. "पूल पुरा होऊ दे म्हटलं. तू इतकी खूश होतीस यार, मला मोडता घालवेना."

"आणि सिमेंट?"

"तू विचारलंस, मी सांगितलं."

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबा म्हणाले होते की ते स्वतःच सांगतील." दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला मी पूल दाखवायचे आणि ती टाळ्या वाजवायची. फोन ठेवल्यावर मला नवऱ्यापेक्षा त्या टाळ्यांचाच जास्त राग आला.

तरी पूल मी पुरा केला. कठडे लावले, जवसाचं तेल दिलं. तो ऑफिसात असताना एका दुपारी गाडी सोडली. इंजिन पुलावर चढलं, जरासं थरथरलं आणि पलीकडे उतरलं. पूल तसूभरही वाकला नाही. मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते. आनंद झाला होता, आणि तो कुणाला सांगावासा वाटत नव्हता.

घर सोडताना रूळ गोळा करून खोक्यात भरले. पूल निघेना. क्वार्टर बघायला आलेल्या नव्या बाईंनी विचारलं, "इसे तुड़वा दें तो चलेगा? यहाँ कपड़े सुखाने की तार बाँधेंगे." मी म्हटलं, "बिल्कुल."

आता गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये आमचं नीट चाललं आहे. भांडण नाही. तो आजही प्रेमाने वागतो, आणि मला ते प्रेम खोटं वाटत नाही. पंचाईत तीच आहे. परवा जेवताना तो म्हणाला, "आमटी छान झाली आहे." मी हातातला घास तसाच धरून, हे तरी खरं आहे का म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.