आबा, मेंढरं आणि हाताने फोकस होणारी लेन्स

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या चुलत्यांचे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मेंढरं राखून त्यांनी मला शिकवलं आणि घरातला पहिला पदवीधर केलं.

एका दुष्काळी वर्षी आबा कळप घेऊन, मी राहायचो त्या शहराच्या कडेला, हर्सूलजवळ उतरले होते. दरवर्षी ते जिथे मेंढरं बसवायचे, त्या रानात आता प्लॉटच्या खुणेचे दगड रोवलेले होते.

"आज गंगापूरकडं निघतो. इकडं आता परत येणं नाय. तिकडंबी रान नाय गावलं, तर कळप इकून टाकीन," आबा म्हणाले.

कळपासोबत त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तो मला आजच हवा होता. जुन्या बाजारात हिंडून मी हाताने फोकस करायच्या लेन्स जमवल्या होत्या. त्यातली माझी सर्वांत आवडती लेन्स कॅमेऱ्याला लावली. पण मी रिंग फिरवेपर्यंत मेंढरं पुढे सरकायची आणि आबा धूसर यायचे.

"किती घुसळतो रं? लोणी निघंल आता!" आबा हसले.

मी हट्ट सोडला नाही. पळत पुढे गेलो, वाटेतल्या एका दगडावर फोकस पक्का केला आणि रिंगवरचा हात काढून उकिडवा बसलो. धुरळा उडवत मेंढरं दोन्ही बाजूंनी गेली. आबा दगडापाशी पोचले तेव्हाच बटण दाबलं.

फोटोसोबत मी पत्र पाठवलं:

"तीर्थरूप आबा, साष्टांग नमस्कार. तुमच्या मिशीवरची धूळसुद्धा स्पष्ट आली आहे. मी शिकलो ते तुम्ही असे चालत राहिलात म्हणून. कळप विकायचं ठरवू नका. येत्या सुट्टीत मी तिकडे येतो, दोघं मिळून चराईचं रान शोधू."