फिटच्या गोळ्या आणि चार किस्से

डॉक्टरांच्या दारात ताटकळून बसणाऱ्या माणसाकडे किश्शांशिवाय दुसरं काय साठणार? मी औषध कंपनीचा एमआर. आमच्या गोळ्या फिटच्या आणि थायरॉईडच्या. डहाणू-तलासरी माझा एरिया. आई शेजारणींना अभिमानाने सांगते, "माझा मुलगा मेंदूत आहे!"

*

डॉक्टरांना दाखवायला कंपनीने प्लास्टिकचा मेंदू दिला होता. तो मांडीवर घेऊन तलासरीच्या एसटीत बसलो.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"मेंदू. कंपनीचा."

त्याने नीट निरखून पाहिला. "नवाकोरा दिसतोय. कंपनीने वापरला नाही वाटतं!"

*

आशागडच्या एका चिकूवाडीवाल्या काकूंना थायरॉईड निघाला. डॉक्टर म्हणाले, "थकवा, चिडचिड, सगळं त्याचंच."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे चिडचिड थायरॉईडची होती? मी इतकी वर्षं स्वतःलाच दोष देत होतो!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "देत राहा. गोळीने निम्मीच जाणार आहे."

*

वरोरला आमचा कॅम्प होता. डॉक्टरांनी बजावलं, "फिट आली की माणसाला कुशीवर वळवा. चप्पल हुंगवू नका!"

मागून एक कोळीण मावशी उठली. "मग सुकट चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, सुकटीने तो उठेलही, पण आधी भाकरी मागेल!"

*

तलासरीच्या मेडिकलमध्ये सुनंदा काउंटरला असते. लहानपणापासून तिला फिट यायच्या. आता गोळी नियमित, त्यामुळे कित्येक महिन्यांत एकही नाही. तिला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा तिच्या बाबांनी मलाही बोलावलं आणि दारातच हात धरला. "दादा, तिच्या गोळीचं विचारलंच तर ताकदीची म्हणून सांगा. आधीचं एक स्थळ फिटमुळेच मोडलं."

मला नाही म्हणवेना, हो म्हणवेना.

सुनंदा चहा घेऊन आली. ट्रेमध्ये कपांच्या शेजारी गोळ्यांची स्ट्रिप!

"मला फिट यायच्या. ही गोळी रोज घेते, म्हणून येत नाहीत. चालत असेल तर चहा घ्या."

बाबांनी मान खाली घातली. कोणी कपाला हात लावेना. मुलगा आईकडे बघायला लागला.

आईने स्ट्रिप उचलली, उलटसुलट करून पाहिली. "रोज घ्यायची? चुकवायची नाही?"

"नाही."

"मग याच्या भरवशावर राहू नकोस हां," तिने मुलाकडे बोट दाखवलं आणि कप उचलला. "याला अंघोळीचीसुद्धा मलाच आठवण करून द्यावी लागते!"