बावन्न सेंटीमीटरवरचा दांडा

वर्णन : पुरुष, वय एकसष्ट, उंची मध्यम, बांधा सडपातळ. व्यवसाय सुतारकाम. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर पटाशीचा व्रण. वर्तणूक चांगली. असत्य कथन केल्याची नोंद नाही.

सदर इसम दोन डोंगरांमधल्या चाळीस उंबऱ्यांच्या गावात राहतो. रस्ता उशिरा आला. तोवर गावाने सोयरिकी आपापसात उरकल्या होत्या. इथे लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष वेगळे बसवायचे म्हटले, तर निम्मं गाव मधेच उभं राहील. जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट घराघरांत वाटली गेली : रातांधळेपण. कुणाला सातव्या वर्षी, कुणाला सतराव्या. पुढे दिवसाही नजर आकसत जाते. गाव म्हणतं, पाणीच तसं आहे.

पाण्यावर इलाज सुताराकडे. ज्याची नजर जाते त्याच्या घरात तो भिंतीलगत धरायचा दांडा बसवतो, अंथरुणापासून मोरीपर्यंत. माप घ्यायची त्याची रीत आहे. माणसाला म्हणायचं, "डोळे मिट आणि भिंत शोध." तळवा टेकेल तिथे पेन्सिलीची खूण.

त्याच्याही घरात दांडा होता, वडिलांसाठी बसवलेला. वडील तो धरून वयाच्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत जगले आणि सूर्य मावळेपर्यंत पत्त्यांत कुणाला जिंकू देत नसत. ते गेले, दांडा राहिला.

मग सुताराच्या मुलीचं त्याच्या थोरल्या बहिणीच्या मुलाशी ठरलं. बहिणीचं घर त्याच्यापासून तिसरं. त्याच सुमारास आरोग्य केंद्राच्या नर्सबाई लग्नाआधी घरोघर फिरून अर्ज भरू लागल्या. घराण्यात आजार निघाला की नवरा-नवरी दोघांचं रक्त शहरात तपासायचं.

बहीण तणतणत आली. "तपासणीत काही निघालं तर? सोयरीक मोडेल, तुझी पोरगी जाईल डोंगरापलीकडे. मग बस वर्षातून एकदा तोंड बघत!"

"बाबांचं विचारलं तर काय सांगू, अक्का?"

"म्हातारपणी कुणाला नीट दिसतं रे?"

हे त्याला पटलं नाही. आवडलं मात्र. मुलगी तिसऱ्या घरी राहणार होती.

नर्सबाई यायच्या आदल्या दिवशी त्याने दांडा काढला. सहा भोकं भुसा आणि सरस कालवून बुजवली, घासली, वर रंग मारला. रंगाचा डबा मुलीने धरला होता. तिला वाटलं, लग्नाची रंगरंगोटी.

"घरात कुणाला अंधारात दिसायला त्रास? वाडवडिलांत?" नर्सबाईंनी विचारलं.

"छे हो, बाई."

"भिंत छान झालीय," त्या म्हणाल्या आणि रकान्यात 'निरंक' लिहिलं. तीस वर्षांत त्याच्या कामाची एवढी नेमकी तारीफ कुणी केली नव्हती.

लग्न झालं. नात झाली. मुलगी रोज सकाळी बापाच्या हातचा चहा प्यायला येई. सुतार चहा द्यायचा आणि नात रांगताना, चालताना तिच्या डोळ्यांकडे बघत बसायचा. मुलगी हसायची, "बाबा, नजर लावाल तिला." तो लगेच दुसरीकडे बघायचा.

नात चार वर्षांची झाली तेव्हा मुलगी एकदा चहाला न थांबता दारातच उभी राहिली.

"बाबा, तिन्हीसांजेला ती भिंत चाचपत चालते."

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. पाणीच तसं आहे असं म्हणायला तोंड उघडलं, पण तीस वर्षांचं वाक्य नेमकं त्या दिवशी आलं नाही.

"आजोबांचा दांडा आहे ना अजून?" तिने विचारलं. "तुम्ही काढलात तेव्हा डबा मी धरला होता."

"माळ्यावर आहे. पोरी, मी तेव्हा..."

"आज बसवा. दिवेलागणीच्या आत."

त्याने दांडा उतरवला, कापला, कानशीने टोकं गोल केली आणि तिसऱ्या घरी गेला. अक्का ओट्यावर होती. तिने भावाकडे पाहिलं आणि बसायला सरकून जागा केली. तो बसला नाही. आत नात भिंतीशी उभी होती.

"डोळे मिट आणि भिंत शोध."

"मिटले! आजोबा, तुम्हीपण मिटा."

त्याने मिटले. उघडले तेव्हा तिचा तळवा भिंतीवर टेकलेला होता. त्याने तिथे खूण केली.

"मी मोठी झाले की वर करायचा ना?"

"करू."

आरोग्य केंद्रातल्या अर्जावर अजून 'निरंक' आहे. दांडा जमिनीपासून बावन्न सेंटीमीटरवर लागला.