गोळीवरचा लाल रंग

मोहगावच्या रस्त्याला आमची संत्र्याची बाग होती, पण बाबांचा रंगावर विश्वास नव्हता. फळ कितीही पिवळं दिसो, अंगठ्यानं दाबून पाहिल्याशिवाय ते टोपल्यात घालत नसत.

त्यांच्या गुडघ्यासाठी सौंसरच्या डॉक्टरांनी लाल गोळ्या लिहून दिल्या. बाबांच्या घशाखाली गोळी उतरत नसे. पाणी नाकात जायचं, गोळी जिभेवरच. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, मीही नाही. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. एवढ्यासाठी विचारायला जाणं मला कमीपणाचं वाटलं.

बाबांनी गोळी नखानं खरवडली. "पाह्य, आतून पांढरी! रंग लावून विकून राहिले लेकाचे."

मला पटलं. नुसता रंगच, तर कुटल्यानं काय बिघडणार? मी गोळी खलात कुटली अन् गुळात कालवून दिली.

"डॉक्टरले इचारलं का?" आईनं चुलीपासून विचारलं.

"यात काय इचाराचं?" मी म्हणालो. "पोटात जाऊन चुराच होते ना."

आठ दिवसांत बाबांच्या पोटात आग पडायला लागली. जेवण सुटलं. एका सकाळी त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं. माझा संशय सरळ औषधाच्या दुकानदारावर. माल नकली! बाबांना बसमध्ये बसवून सौंसरला आणलं आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन त्यांच्यासह दुकानात शिरलो.

"कुठला माल खपवून राहिले तुम्ही? बाबाचं पोट जळून राहिलं!"

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. दुकानदारानं पाकीट उलटसुलट पाहिलं. "देता कशी, भाऊ?"

"कुटून. गुळात."

त्यानं पाकीट खाली ठेवलं. मग हळू आवाजात बाबांना विचारलं, "शौचाला काळं होते का, काकाजी?" बाबांनी मान डोलावली, तसा तो म्हणाला, "आधी डॉक्टरकडे जा. आत्ता. भांडण मंग करू."

डॉक्टर माझ्यावरच चिडले. "तो रंग नाही, कवच आहे. गोळी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी म्हणून असतं ते. ही गोळी तशीही पोटाला जड, त्यात तुम्ही कुटून दिली. आतून रक्त जातंय. गिळता येत नाही, हे मला का नाही सांगितलं? पातळ औषध दिलं असतं."

बाबा चार दिवस दवाखान्यात होते. त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. दुसरं, पातळ औषध लिहून मिळालं. ते घ्यायला त्याच दुकानात जावं लागलं. मी बाटलीवरचं वाचायला तोंड उघडलं, तर बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही सांगा, भाऊ. कितीक घ्याचं, कशात मिसळाचं. हा बी.ए. आहे, याले समदं येते."

दुकानदार हसला नाही. "घरचा चमचा नको. हे झाकण घ्या, या रेघेपर्यंत भरा. दिवसातून कितीदा, ते डॉक्टरनं लिहिलंच आहे. त्याच्यावर एक घोट नाही. अन् दुखण्याची दुसरी गोळी मला इचारल्याशिवाय नाही."

मी खिशातून कागद काढून सगळं लिहून घेतलं. बाबांनी बाटली उजेडात धरली. औषध गुलाबी होतं.

"अन् हा रंग कायचा?"

या वेळी मीच दुकानदाराकडे पाहिलं.