कोरडी काजळी

आमच्या ह्यांचं वारज्याला रस्त्याकडंला पत्र्याचं गॅरेज व्हतं. साखरेनं ह्यांचे डोळे गेले. गॅरेजवाल्याला दिसत न्हाई म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. नट-बोल्ट हे चाचपून खोलायचे, कान शाबूत व्हते. अडायचं ते प्लगपाशी. ह्यांनी प्लग काढायचा, पुसायच्या निमित्तानं माझ्याकडं द्यायचा, मी बघून हळूच सांगायचं.

माझी शाळा तिसरीपातूर, पण जन्म चुलीपुढं गेला. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं, तर इंजिन ठीक. चुन्यावाणी पांढरं, तर इंजिन तापतंय. काळं असलं की बोट फिरवायचं. तव्याच्या बुडाची कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. जुन्या कढईवाणी चिकट असलं तर तेल वर चढतंय, खोला इंजिन. एवढंच हाय. एवढ्यासाठी लोक कॉलेजात जातात.

दसरा झाल्यावर एक साहेब आले. फटफटी जुनी, पण चकाचक. चढाला दम टाकते म्हणाले. ह्यांनी प्लग काढून माझ्याकडं दिला. साहेबांनी आधी त्याचा फोटो काढला.

“काळा पडलाय. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल वर येतंय. इंजिन खोलावं लागेल. मी व्हिडिओ पाहिलाय.”

“कोरडा हाय,” मी म्हटलं.

“मावशी, तुम्ही चहाचं बघा. काका, तुम्हीच बघा की जरा.”

प्लग घेऊन त्यांनी ह्यांच्या नाकापुढं धरला. हे भलतीकडंच बघत व्हते.  आता कळणार.

मी प्लग हिसकून साहेबांच्या बोटावर घासला. “फुंका.”

फुंकलं. काजळी उडाली.

“तेल असतं तर उडालं असतं का? दसऱ्याला गाडी कुणी धुतली?”

“मीच. पाइप लावून. आत पाणी जाऊ नये म्हणून नीट काळजी घेतली होती.”

काळजी. सीटखाली इंजिनला हवा देणाऱ्या डब्याच्या तोंडात बोटं घातली, तर बनियनचा बोळा निघाला. कोंबायची अक्कल व्हती, काढायची न्हाई. वर गाडीला हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. बोळ्यासकट पूजा.

प्लग घासून बसवला, गाडी एका किकमधी लागली. साहेब माझ्याकडं पाठ करून ह्यांना म्हणाले, “काका, नजर आहे हो तुमची.”

ह्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, “मला दिसत न्हाई, साहेब. दोन वर्सं झाली. बघते ती.”

दोन वर्सं मी झाकून ठेवलेलं ह्यांनी असं उघडं टाकलं. मी चहा ठेवला.

मग काही गिऱ्हाईक तुटलं. आंधळ्याकडं गाडी कशी द्यायची म्हणाले. डोळसानं काय कोंबलं व्हतं ते त्यांनी बघितलं न्हाई. राहिले ते प्लग सरळ माझ्या हातात द्यायला लागले. साहेबबी यायचे. आधी फोटो काढायचे, मग मला विचारायचे.